रक्तपेशी, सिकलसेल आणि वेळेचे गणित

मानवी रक्त वरवर एकजिनसी तांबडे द्रव दिसत असले, तरी त्याच्या घनफळाचा सुमारे ४५ टक्के भाग पेशींनी व्यापलेला असतो आणि उरलेला भाग या पेशींना वाहून नेणाऱ्या फिकट पिवळसर रक्तद्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा असतो. या पेशी तीन प्रकारच्या असतात: फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोचवणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंचा सामना करणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखम झाल्यावर रक्तस्राव थांबवण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका म्हणजेच प्लेटलेट. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे ४० ते ५५ लाख तांबड्या पेशी, ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, आणि रक्ततपासणीच्या 'सीबीसी' अहवालात हेच आकडे छापलेले असतात. हे आकडे कमी-अधिक झाले की रक्तक्षय, जंतुसंसर्ग, डेंग्यू किंवा रक्ताचा कर्करोग यांचा माग लागतो, हे आता सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक असते. मात्र नुसत्या मोजणीतून उलगडत नाहीत अशा काही गोष्टी पेशीच्या आत, तिच्या रेणूंच्या रचनेत असतात, आणि त्यांचा शोध ज्या आजाराच्या निमित्ताने सर्वांत खोलवर गेला, तो आजार म्हणजे सिकलसेल.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिकागोमध्ये या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद झाली असली, तरी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या हजारो कुटुंबांसाठी तो घरचा प्रश्न आहे. एका प्रथिनातील एक घटक बदलल्यामुळे उद्भवणारा हा विकार रेणुपातळीवर समजलेला जगातील पहिला आजार ठरला, आणि आधुनिक वैद्यकाची एक मोठी शाखा त्याच्या अभ्यासातून उभी राहिली. या संशोधनातून पुढे आलेले सर्वांत उपयोगी सूत्र मात्र फारसे सांगितले जात नाही. ते सूत्र असे, की सिकलसेल हा मुळात वेळेचा आजार आहे: पेशीला मिळणाऱ्या काही सेकंदांवर त्याची तीव्रता अवलंबून असते, त्यावरचा बहुतेक परिणामकारक उपचार पेशीला किंवा रुग्णाला वेळ मिळवून देतो, आणि आरोग्यव्यवस्थेचे यशही निदान किती वेळेवर झाले यावरच ठरते.

तांबड्या पेशीची घडण

तांबडी पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत जन्म घेते. तिथल्या मूळपेशी आयुष्यभर विभाजित होत राहतात आणि त्यांच्यापासूनच तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी तयार होतात, हे १९६१ साली टोरांटोतील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध करण्यास सुरुवात केली. प्रौढ शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि जवळपास तेवढ्याच जुन्या पेशी मोडीत निघतात, कारण निरोगी तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. परिपक्व होताना ही पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते, आणि त्यामुळे तिच्या अंतरंगात हिमोग्लोबिन या प्रथिनासाठी अधिकाधिक जागा मिळते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्या असतात, प्रत्येक साखळीला लोहाचा एकेक अणू धरून ठेवणारा घटक जोडलेला असतो आणि त्या लोहाशी प्राणवायू सैलपणे बांधला जातो, जेणेकरून फुप्फुसात तो चटकन घेता यावा आणि स्नायूंत किंवा मेंदूत तितक्याच सहजपणे सोडता यावा.

या पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो, परंतु तिला ज्या केशवाहिन्यांतून जावे लागते त्यांतील अनेक वाहिन्या तिच्याहून अरुंद असतात. प्लीहेतील, म्हणजे पोटाच्या डाव्या कुशीतील पाणथरीतील फटी तर त्याहूनही चिंचोळ्या असतात. मध्यभागी दोन्ही बाजूंनी दबलेला चकतीसारखा आकार आणि लवचीक आवरण यांमुळे निरोगी पेशी मुडपून, लांबट होऊन या वाटांतून निसटते आणि बाहेर पडताच पूर्ववत होते. जी पेशी वार्धक्यामुळे ताठर झालेली असते, ती प्लीहेत अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिचा निकाल लावतात. तांबड्या पेशीचे आरोग्य म्हणजे तिच्यातील हिमोग्लोबिनचे प्रमाण एवढाच समज सर्वत्र रूढ असला, तरी तिचे लवचीक राहणे हेही तितकेच महत्त्वाचे असते, आणि सिकलसेलमध्ये नेमका याच गुणावर घाला पडतो.

शिकागो ते केंब्रिज

१९०४ च्या अखेरीस शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरून आलेला, दंतवैद्यकाचे शिक्षण घेणारा एक विद्यार्थी खोकला, ताप आणि अशक्तपणा यांच्या तक्रारी घेऊन दाखल झाला. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला गोल पेशींच्या गर्दीत लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी या रुग्णाचा दीर्घकाळ पाठपुरावा करून १९१० साली ही निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि १९२२ साली व्हर्न मेसन यांनी या विकाराला विळ्याचा निर्देश करणारे, आज सर्वत्र रूढ असलेले नाव दिले.

पेशी विळ्यासारखी का होते, याचा पहिला धागा १९२७ साली हाती लागला, तेव्हा हान आणि गिलेस्पी या अमेरिकी संशोधकांनी असे दाखवून दिले की अशा रक्तातील प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात आणि प्राणवायू परत दिला की बहुतेक पेशी पुन्हा गोल होतात. दुसरा धागा न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली दिला. या विकाराची बाळे जन्मल्यानंतर पहिले काही महिने निरोगी का असतात, या प्रश्नाचा विचार करताना त्यांनी असे सुचवले की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि ते रक्तात टिकून आहे तोवर बाळाचा बचाव होतो. त्या वेळी साधी वाटलेली ही सूचना पुढे साठ वर्षांनी उपचाराची गुरुकिल्ली ठरणार होती.

त्यापाठोपाठ १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, सीमोर सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक निर्णायक प्रयोग केला. विद्युत्क्षेत्रात ठेवलेली प्रथिने आपापल्या विद्युत्भारानुसार वेगवेगळ्या वेगाने सरकतात. या तत्त्वावर चालणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस पद्धतीने त्यांनी निरोगी व्यक्तींचे आणि रुग्णांचे हिमोग्लोबिन तपासले, तेव्हा दोहोंचा वेग स्पष्टपणे वेगळा निघाला. ज्यांच्यात आजार नव्हता पण घराण्यात तो चालत आलेला होता, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. रोगाचे मूळ एका रेणूच्या बदललेल्या रूपात असू शकते, हे या प्रयोगाने प्रथमच दाखवले, आणि म्हणून पॉलिंग यांनी सिकलसेलला 'रेणवीय रोग' असे म्हटले.

तो बदल नेमका कोणता, हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधून काढले. एवढे मोठे प्रथिन एकदम वाचणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ट्रिप्सिन या पाचकरसाच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे छोटे तुकडे केले आणि ते ओल्या गाळणकागदावर आधी विजेच्या साहाय्याने एका दिशेत आणि मग द्रावकाच्या साहाय्याने दुसऱ्या दिशेत पसरवले. रंगद्रव्य लावल्यावर कागदावर सुमारे तीस ठिपक्यांचा नकाशा उमटला. निरोगी आणि विकृत हिमोग्लोबिनचे नकाशे शेजारी ठेवले असता बाकीचे सर्व ठिपके जागच्या जागी होते, फक्त एकच सरकलेला होता. त्या एका तुकड्याचे पुढील पृथक्करण करून १९५७ साली इन्ग्रम यांनी जाहीर केले की ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल आले आहे. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवरचा हा बदल जनुकातील एकाच अक्षराच्या फरकामुळे होतो, हे पुढे स्पष्ट झाले.

काही सेकंदांची मुदत

ग्लुटामिक आम्लावर विद्युत्भार असल्यामुळे ते पाण्यात सहज सामावते, तर व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याच्या रेणूचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवरील एका खोबणीत हे व्हॅलीन जाऊन बसते. एकास एक जोडत गेलेल्या अशा रेणूंचे लांबलचक, ताठ तंतू तयार होतात. असे अनेक तंतू पेशीत वाढू लागले की तिचे आवरण आतून ताणले जाते आणि तिला विळ्यासारखा आकार येतो. ही पेशी ना मुडपते, ना सरकते. ती केशवाहिनीच्या तोंडाशी अडकते, तिच्या पृष्ठभागाला आलेल्या चिकटपणामुळे मागून येणाऱ्या तांबड्या आणि पांढऱ्या पेशीही तिथेच तुंबतात, आणि पुढच्या ऊतीला प्राणवायू मिळेनासा होतो.

यातून एक कोडे उभे राहते. रुग्णाच्या रक्तातील बहुतांश हिमोग्लोबिन विकृत असते आणि प्रत्येक फेरीत ते प्राणवायू सोडतच असते. असे असताना प्रत्येक फेरीत सर्वच पेशी का वाकत नाहीत, आणि रुग्ण दोन वेदनाकाळांच्या मधे कित्येक दिवस किंवा महिने चालता-फिरता कसा राहतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या संशोधनात याचे उत्तर सापडले. प्राणवायू सुटताक्षणी तंतू तयार होत नाहीत. आधी काही रेणू योगायोगाने एकत्र येऊन तंतूचे बीज पडावे लागते, आणि ते पडेपर्यंत काही काळ जातो. हा विलंब पुरेसा लांबला, तर पेशी केशवाहिनी ओलांडून मोठ्या शिरेत पोचते आणि वाकण्यापूर्वीच फुप्फुसात परतून पुन्हा प्राणवायू घेते. पेशीची केशवाहिनीतली वाट साधारण एखाद्या सेकंदाची आणि फुप्फुसापर्यंतचा परतीचा प्रवास काही सेकंदांचा असतो. विलंब या मुदतीपेक्षा मोठा असल्यामुळेच बहुतेक पेशी बचावतात, हे या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले.

या विलंबाचे गणित विलक्षण आहे. पेशीतील विकृत हिमोग्लोबिनची दाटी वाढली की विलंब घटतो, पण तो साध्या प्रमाणात घटत नाही; दाटीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. या हिशेबाने पेशीतले थोडे पाणी कमी होऊन दाटी अवघी पाच टक्क्यांनी वाढली, तरी विलंब चौथ्या हिश्श्याहूनही खाली येतो. उलट दिशेने पाहिले, तर दाटी अगदी थोडी कमी करता आली तरी पेशीला कितीतरी अधिक वेळ मिळतो.

रुग्णांना दिल्या जाणाऱ्या साध्या सल्ल्यामागचे कारण या एका सूत्रातून उलगडते. भरपूर पाणी प्यावे, कारण शरीर कोरडे पडले की पेशीही कोरडी पडते आणि आतील दाटी वाढते. शिवाय या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता लहानपणापासूनच कमी होत जाते, त्यामुळे रुग्णाच्या शरीरातून पाणी इतरांपेक्षा जास्त जाते. थंडीत आणि पावसात भिजणे टाळावे, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशीची वाट लांबते. ताप अंगावर काढू नये, कारण तापात पाण्याची उणीव, प्राणवायूची वाढती गरज आणि चिकट झालेल्या रक्तवाहिन्या ही तिन्ही कारणे एकत्र येतात. उन्हाळ्यात तापमान पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपूर-नागपूरकडे बांधकामावर राबणारा मजूर आणि पावसाळ्यात चिखलात उभे राहून धानाची रोवणी करणारी गडचिरोली-गोंदियाची शेतकरी बाई यांना सिकलसेल असेल, तर पाण्याची बाटली, कोरडे कपडे आणि सावलीतली विश्रांती ही त्यांच्यासाठी औषधाच्या तोडीची गोष्ट असते.

मुदत हुकली की होणारे परिणाम शरीरभर दिसतात. हातपाय, पाठ आणि छाती यांत अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना, लहान मुलांच्या हातापायांच्या बोटांना येणारी सूज, सतत फुटणाऱ्या पेशींमुळे होणारा रक्तक्षय आणि कावीळ, मेंदूतील वाहिनी तुंबल्याने होणारा पक्षाघात, खुब्याच्या हाडाचा नाश आणि फुप्फुसांतील जीवघेणा अडथळा ही त्यांतली ठळक उदाहरणे होत. निरोगी पेशी १२० दिवस जगते, तर विकृत पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस टिकते. जंतूंना रक्तातून गाळून काढणारी प्लीहा वारंवार तुंबून निकामी होत गेली की लहान मुलांना न्यूमोकॉकस या जंतूचा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो.

हिवतापाशी असलेले नाते

एवढा घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिला, या प्रश्नाचे उत्तर पूर्व आफ्रिकेत मिळाले. केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन यांच्या लक्षात आले की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात, म्हणजे जिथे हिवतापाचा जोर आहे तिथे, या जनुकाच्या वाहकांचे प्रमाण मोठे आहे, तर थंड डोंगराळ भागात ते नगण्य आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या वाहक मुलांना तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते, हे त्यांनी १९५४ साली मांडले आणि पुढील अभ्यासांनी ते पक्के केले. हिवतापाने मुले दगावत होती त्या काळात वाहक मुले अधिक संख्येने जगली आणि जनुक पुढे सरकत राहिले. ज्यांना ते दोन्ही बाजूंनी मिळाले, त्यांना मात्र या संरक्षणाची किंमत मोजावी लागली.

भारतात या जनुकाची नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये झाली आणि मध्य भारतातील आढळाविषयी नागपूरहून १९५८ साली संशोधन प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा, पूर्व विदर्भातील गोंड, माडिया आणि परधान अशा समाजांत हे जनुक आढळले, आणि काही आदिवासी समाजांत शंभरातील वीसपेक्षा अधिक व्यक्ती वाहक असल्याचे दिसून आले. पूर्वाश्रमीच्या महार समाजातून बौद्ध झालेल्या कुटुंबांत, तसेच कुणबी आणि तेली समाजांतही ते सापडते. म्हणून सिकलसेलला एका जातीचा किंवा जमातीचा आजार मानणे शास्त्राला धरून नाही. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात पिढ्या काढलेल्या अनेक समाजांचा तो समान वारसा आहे.

भारतातील रुग्णांमध्ये गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही तुलनेने जास्त राहते, त्यामुळे इथला आजार सौम्य असतो असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र नागपूर परिसरातील बालरुग्णांच्या अभ्यासांत वेदना, तीव्र रक्तक्षय आणि संसर्ग यांमुळे वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणारी मुलेही मोठ्या संख्येने आढळली, आणि सौम्यतेच्या समजावर विसंबून उपचार टाळणे धोक्याचे असल्याचे स्पष्ट झाले.

एएस आणि एसएस

विदर्भातील आरोग्य केंद्रांत 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरे रुग्णांच्या बोलण्यातही रुळलेली आहेत. ज्याला एका पालकाकडून निरोगी आणि दुसऱ्याकडून विकृत जनुक मिळाले तो 'एएस', म्हणजे वाहक. ज्याला दोन्हीकडून विकृत जनुक मिळाले तो 'एसएस', म्हणजे सिकलसेलग्रस्त. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निरोगी असल्यामुळे तंतू जमण्यास लागणारा वेळ इतका लांबतो की पेशी सहसा वाकतच नाहीत, आणि वाहक सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची दोनात एक आणि पूर्णपणे निरोगी असण्याची चारात एक असते. हे प्रमाण प्रत्येक गर्भारपणाला नव्याने लागू होते. पहिले मूल ग्रस्त जन्मले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब करता येत नाही. एक पालक वाहक आणि दुसरा पूर्णपणे निरोगी असेल, तर मुलाला एसएस आजार होत नाही. थॅलेसेमियाचा वाहक आणि सिकलसेलचा वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून तपासणीत दोन्हींचा विचार करावा लागतो.

तपासणीचा पहिला टप्पा अत्यंत सोपा आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात मिसळल्यावर विकृत हिमोग्लोबिन त्यात विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. सोल्युबिलिटी चाचणी या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी काही मिनिटांत गावातही करता येते. मात्र ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही आणि नवजात बाळासाठी विश्वासार्ह नसते, म्हणून तिच्यात दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतील पद्धतींनी खात्री करावी लागते. हा दुसरा टप्पा राहून गेला, की अनेक निरोगी वाहक स्वतःला रुग्ण समजत राहतात आणि काही रुग्ण निदानाविना राहतात.

उपचारांचा प्रवास

उपचारांतील पहिली मोठी झेप एका जुन्या, स्वस्त औषधाने घेतली. निदान झालेल्या लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले. निकाल इतका स्पष्ट होता की जन्मतःच सर्व बाळांची तपासणी करण्यास त्यातून बळ मिळाले, कारण औषध सुरू करण्याची योग्य वेळ आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीची असते.

दुसरी झेप हायड्रॉक्सियुरिया या औषधाची. हे औषध अस्थिमज्जेला गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा बनवण्यास प्रवृत्त करते, आणि गर्भीय हिमोग्लोबिन तंतूंत सामील होत नसल्यामुळे विकृत रेणूंची दाटी विरळ होऊन पेशीला फुप्फुसात परतण्यास वेळ मिळतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात वेदनेच्या झटक्यांचे प्रमाण जवळपास ४४ टक्क्यांनी कमी झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम एवढी कमी, ठरावीक मात्रा देऊन हे औषध अभ्यासले, आणि तेवढ्या मात्रेनेही झटके लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यांना आढळले. मात्रा कमी असेल तर दुष्परिणामांचा धोका आणि वारंवार रक्ततपासणीची गरजही कमी होते, त्यामुळे दूरच्या गावांसाठी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

आजार मुळापासून बरा करण्याचा मार्ग अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाने खुला केला. १९८४ साली ल्युकेमियासाठी प्रत्यारोपण केलेल्या एका मुलीचा सिकलसेलही बरा झाल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु जुळणारा भाऊ किंवा बहीण सर्वांनाच नसतो. पुढे जनुक-संपादनाने रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी वापरणे शक्य केले. जन्मानंतर गर्भीय हिमोग्लोबिनची निर्मिती बंद करणारा घटक बीसीएल११ए या जनुकातून बनतो, हे २००८ च्या सुमारास समजले. क्रिस्पर या, जनुकाला हव्या जागी कापणाऱ्या तंत्राने हा घटक रक्ताच्या मूळपेशींत निष्प्रभ केला, तर गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. वॉटसन यांच्या १९४८ च्या सूचनेचे हे पूर्णत्व होय. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग बारा महिने तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. मात्र त्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेत भारतीय रुग्णांना परवडेल अशी क्रिस्परवर आधारित पद्धत विकसित करण्याचे काम त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

प्रत्येक नवे औषध टिकतेच असे नाही, हेही या इतिहासातून दिसते. हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड वाढवणारे व्हॉक्सेलोटर हे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले आणि त्याने हिमोग्लोबिनचा आकडा खरोखर वाढवला. परंतु झटके आणि मृत्यू यांबाबत चिंताजनक माहिती पुढे आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अहवालातला आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे यांतले अंतर यातून ठळकपणे दिसले.

निदानाची योग्य वेळ

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करून २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट ठरवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. या मान्यतेमागे रुग्णसंघटनांचे दीर्घ प्रयत्न आहेत. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून केलेल्या कामाची दखल २०१८ साली पद्मश्रीने घेतली गेली.

तपासणीचे आकडे वाढवणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या बाळाचे निदान जन्मानंतर लगेच झाले त्याला पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळू शकते, तर ज्याचे निदान आठव्या-दहाव्या वर्षी झाले त्याची प्लीहा आणि कधी कधी मेंदूही त्याआधीच जायबंदी झालेला असतो. म्हणून ज्या जिल्ह्यांत वाहकांचे प्रमाण मोठे आहे, तिथे नवजात बाळांची तपासणी ही प्रसूतीइतकीच नित्याची सेवा व्हायला हवी, खात्रीच्या चाचणीचा अहवाल कुटुंबाच्या हातात पडायला हवा, आणि हायड्रॉक्सियुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळायला हवे. वेदनेचा झटका आलेल्या रुग्णाच्या अंगावर जखम किंवा सूज दिसेलच असे नाही, त्यामुळे त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून विनाविलंब वेदनाशामक देणे हेही शास्त्रीय उपचाराचेच अंग आहे.

वाहकाविषयीचा गैरसमज दूर करणे तितकेच निकडीचे आहे. वाहक असणे हा आजार नाही आणि कोणाचा दोषही नाही. तरीही लग्न जुळवताना 'एएस' असल्याचे कळताच मुलीला नाकारण्याचे, किंवा ग्रस्त मूल जन्मल्यावर फक्त आईला जबाबदार धरण्याचे प्रकार घडतात. मुळात हा आजार दोन्ही पालकांकडून जनुक आल्याशिवाय होतच नाही. दोघांनीही लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला तपासणी केली, तर त्यांना समुपदेशन आणि आवश्यक असल्यास गर्भजल किंवा वारेच्या पेशींची तपासणी यांच्या आधारे आपला निर्णय स्वतः घेता येतो. तपासणीचा हेतू माहिती देणे हा आहे, माणसे वेगळी काढणे हा नाही, ही जाणीव समाजात रुजली नाही तर लोक तपासणीच टाळतील आणि सर्वांत स्वस्त उपाय हातचा जाईल.

एका रक्तपेशीच्या अभ्यासाने जगाला रेणवीय वैद्यक दिले आणि जनुक दुरुस्त करण्याइतकी क्षमताही दिली. परंतु कोट्यवधी रुपयांचा तो उपचार गरीब कुटुंबांच्या आवाक्यात येईपर्यंत सर्वाधिक प्राण वाचवू शकतील अशा गोष्टी आजच उपलब्ध आहेत: नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब, रोजची पेनिसिलिनची मात्रा, हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि तापात लगेच दवाखाना गाठण्याचा सल्ला. यांतली एकही गोष्ट महाग नाही, एकही नव्याने शोधावी लागणार नाही. ती गरजूंपर्यंत वेळेत पोचवण्याची जबाबदारी मात्र आता शासनावर, आरोग्य कर्मचाऱ्यांवर आणि समाजावर आहे.